‘इन्डिफीजिबल’ हक्क नेमका किती पक्का असतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: जमीन खरेदीच्या इंग्रजी मसुद्यात विकणाऱ्याने आपला ‘राइट, टायटल अँड इंटरेस्ट’ हा ‘इन्डिफीजिबल’ असल्याचं लिहिलं आहे. मध्यस्थाने तुम्हाला सांगितलं की याचा अर्थ हा हक्क आता कुणालाच हलवता येणार नाही. पुढे हाच शब्द तुम्हाला मृत्युपत्रात, केबलच्या करारात आणि जामिनाच्या निकालातही दिसला, आणि सगळीकडे अर्थ एकच आहे का हे तुम्हाला कळेना. जमीन कोणत्या देशातली, हे तुम्ही लिहिलेलं नाही. निम्म्याहून जास्त उत्तर त्यावरच ठरतं, म्हणून आधी शब्दाचा गाभा सांगतो आणि मग तो कुठे किती वजन पेलतो ते पाहू.

मध्यस्थाच्या बोलण्यातली मूळ चूक आधीच सांगून टाकतो. विकणारा स्वतःच्या हक्काला हा दर्जा देऊ शकत नाही. जिथे कायदा तो देतो, तिथे दस्तात शब्द नसला तरी दर्जा असतोच. जिथे कायदा देत नाही, तिथे मोठ्या अक्षरांत लिहिला तरी ते विकणाऱ्याचं वचन एवढंच राहतं. वचन खोटं निघालं तर त्याच्यावर भरपाईचा दावा करता येतो. तोवर तो दिवाळखोर किंवा बेपत्ता झाला असेल, तर तुमच्या हाती कागद उरतो. म्हणून असा शब्द दिसला की मी पहिल्यांदा हे बघतो: तो कुणाच्या तोंडचा आहे, कायद्याच्या की पक्षकाराच्या?

आता अर्थ. जुन्या अँग्लो-फ्रेंच भाषेतल्या ज्या क्रियापदातून हा शब्द आला, त्याचा अर्थ ‘केलेलं उलगडणं’ असा. गहाणाच्या जुन्या इंग्रजी व्यवहारात ‘डिफीजन्स’ नावाचं कलम असे: जमीन सावकाराच्या नावे केली आहे, पण अमुक तारखेला कर्ज फिटलं तर हे हस्तांतर आपोआप निष्फळ. म्हणजे सावकाराचा हक्क खरा होता, आज होता, पण एका घटनेने उलगडणारा होता. असा हक्क तो ‘डिफीजिबल’. जो हक्क नंतरच्या घटनेने, अटीने किंवा दुसऱ्याच्या जुन्या दाव्याने उलथत नाही, तो ‘इन्डिफीजिबल’. मराठीत कुणी याला अबाधित म्हणतं, कुणी निर्विवाद. मी समजावताना ‘न उलथणारा हक्क’ म्हणतो. ‘निर्विवाद’ तर चुकीचाच वाटतो, कारण अशा हक्कावर वाद होतात आणि भरपूर होतात. फक्त वादाअंती तो टिकतो.

मृत्युपत्रात हा फरक सर्वांत स्वच्छ दिसतो. ‘घर अला द्यावं, पण तो 25 वर्षांचा होण्याआधी वारला तर ते बला जावं’ असं लिहिलं असेल, तर अचा हक्क आजच निहित झाला, म्हणजे त्याला मिळाला, पण तो डिफीजिबल आहे. पंचविसावं वर्ष पूर्ण झालं की तोच हक्क इन्डिफीजिबल होतो. ‘अ 25 वर्षांचा झाला तर घर त्याला द्यावं’ असं लिहिलं असेल, तर तोवर अला निहित हक्कच नाही, फक्त शक्यता आहे. दोन वाक्यांत मोजक्या शब्दांचा फरक, पण मधल्या काळातलं भाडं कुणाचं, याचं उत्तर त्यावरून बदलू शकतं. ‘इन्डिफीजिबली व्हेस्टेड’ असा शब्दप्रयोग ट्रस्टच्या कागदात दिसला, तर याच अर्थाने घ्यावा.

या शब्दाच्या आसपासचे तीन शब्द वेगळे ठेवायला हवेत. ‘इनएलियनेबल’ म्हणजे दुसऱ्याला देता न येणारा. न उलथणारी मालकी तर बिनदिक्कत विकता येते. 1776 च्या व्हर्जिनियाच्या हक्कनाम्यात सरकार बदलण्याच्या लोकांच्या हक्काला हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी लावले आहेत आणि आयर्लंडच्या 1937 च्या राज्यघटनेच्या पहिल्या अनुच्छेदातही. दोन्ही लिहावे लागले, कारण दोन्हींचा अर्थ वेगळा. दुसरा शब्द ‘क्लिअर’ किंवा बोजारहित. न उलथणाऱ्या मालकीवर गहाण असू शकतं, शेजाऱ्याचा वाटेचा हक्क असू शकतो. मालकी तुमचीच, पण त्या बोजासकट. तिसरा ‘मार्केटेबल’, म्हणजे समजदार खरेदीदार कुरकुर न करता घेईल असा. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात टायटल विमा (मालकीतल्या दोषांपासूनचा विमा) ‘गुड अँड इन्डिफीजिबल टायटल’ नसण्याच्या जोखमीवर दिला जातो, मार्केटेबल नसण्याच्या जोखमीवर नाही. मालकी तुमचीच ठरली, पण अडचणीमुळे जमीन विकली जात नाही, एवढ्याने तिथे दावा मंजूर होत नाही.

आता जमिनीकडे येऊ, कारण तुमचा खरा प्रश्न तिथेच आहे.

जगातल्या जमीन-नोंदणीच्या पद्धतींत दोन टोकं आहेत. एका टोकाला दस्तांची नोंदणी: कार्यालय कागदाची नोंद घेतं, पण कागद देणारा खरंच मालक होता का याची हमी देत नाही. इथे जुना नियम चालतो की स्वतःकडे नसलेलं कुणी दुसऱ्याला देऊ शकत नाही. साखळीत तीस वर्षांपूर्वीची एक सही बनावट निघाली, तर त्यापुढचे सगळे व्यवहार डळमळीत होतात. दुसऱ्या टोकाला रॉबर्ट टॉरेन्सने 1858 साली साउथ ऑस्ट्रेलियात कायद्याने आणलेली पद्धत. तिथे प्रत्येक तुकड्याचं एक पान, त्यावर मालकाचं नाव आणि बोजे. खरेदीदाराचं नाव पानावर चढतं तेव्हा त्याला हक्क विकणाऱ्याकडून मिळत नाही, तो नोंदीतूनच नव्याने जन्मतो. ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ब्रेस्कवर विरुद्ध वॉल या 1971 च्या निकालात हे नेमकं मांडलं: ही हक्काची नोंद करणारी पद्धत नाही, नोंदीने हक्क देणारी पद्धत आहे. मागची साखळी तपासायची गरज राहत नाही, कारण प्रत्येक नोंदीला साखळी नव्याने सुरू होते. ‘इन्डिफीजिबल टायटल’ हा शब्द कायदेशीर ताकदीसह मुख्यतः याच कुळातल्या देशांत भेटतो: ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, मलेशिया, सिंगापूर, फिलिपिन्स, कॅनडाचे काही प्रांत.

पण याची किंमत कुणीतरी मोजतो, आणि ती कोण मोजतो हे समजल्याशिवाय हा शब्द समजत नाही. चार माणसं घ्या. अ खरा मालक. ब त्याची बनावट सही करून जमीन कला विकतो. कला काहीच माहीत नाही, त्याने पूर्ण पैसे दिले आणि नाव चढवून घेतलं. पुढे कने ती प्रामाणिकपणे डला विकली. दस्तनोंदणीच्या देशात अ सहसा सर्वांविरुद्ध जिंकतो, क आणि ड यांनी आपापले पैसे मागच्याकडून वसूल करायचे. टॉरेन्स पद्धतीत दोन उपप्रकार आहेत. ‘तात्काळ’ प्रकारात कचं नाव चढताक्षणी त्याचा हक्क पक्का, अला जमीन नाही, भरपाई. ‘लांबणीवर’ प्रकारात क ज्या कागदावरून आला तोच बनावट, म्हणून त्याचा हक्क उलथू शकतो. मात्र डने खऱ्या नोंदीवरून, खऱ्या सहीने घेतलं, म्हणून ड सुरक्षित. शब्द तोच, पण कच्या जागी तुम्ही असाल तर निकाल उलटा.

हा फरक कुठे काय आहे, हे अंदाजाने सांगता येत नाही. तो निकालांतून ठरत गेला आहे आणि बदललाही आहे. प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश वसाहतींसाठीच्या लंडनमधल्या अंतिम अपील न्यायालयाने, 1891 मध्ये गिब्ज विरुद्ध मेसर या प्रकरणात, काल्पनिक माणसाच्या नावे झालेल्या नोंदीवरून गहाण घेणाऱ्यांना संरक्षण नाकारलं. 1967 मध्ये न्यूझीलंडहून आलेल्या फ्रेझर विरुद्ध वॉकर मध्ये त्याच प्रिव्ही कौन्सिलने तात्काळ प्रकार स्वीकारला: पत्नीने पतीची बनावट सही करून घर गहाण टाकलं, सावकाराने ते विकलं, आणि नोंद झालेला खरेदीदार टिकला. ऑस्ट्रेलियाने तीच वाट धरली, सिंगापूरने 2006 मध्ये. मलेशियात जमीन संहितेच्या कलम 340 मध्ये लांबणीवरचा प्रकार लिहिलेला असूनही 2000 नंतरची काही वर्षं फेडरल कोर्टाच्या एका निकालामुळे तात्काळ प्रकार लागू झाला, आणि 2010 मध्ये त्याच न्यायालयाने टान यिंग हाँग प्रकरणात ते चूक होतं असं मान्य करून घड्याळ मागे फिरवलं. कॅनडात ऑन्टॅरिओच्या अपील न्यायालयाने 2007 मध्ये लांबणीवरचा प्रकार मानला. ब्रिटिश कोलंबियात मालकीला एक नियम आणि गहाणाला दुसरा: प्रामाणिक खरेदीदाराची मालकी टिकते, बनावट सहीवरचं गहाण टिकत नाही. न्यूझीलंडने 2017 च्या कायद्यात तात्काळ प्रकार ठेवूनच उच्च न्यायालयाला एक खिडकी उघडून दिली: उघड अन्याय होत असेल तर नोंद बदलता येईल. माझ्या मते ही सुधारणा योग्यच आहे. आयुष्यभर राहिलेलं घर आणि त्या घराची बाजारभावाने भरपाई या दोन सारख्या गोष्टी नाहीत.

इंग्लंड-वेल्समध्ये 2002 च्या कायद्यात हा शब्दच नाही. तिथे नोंद निर्णायक असते, पण ‘चूक’ असेल तर चौथ्या परिशिष्टानुसार ती दुरुस्त होते. प्रत्यक्ष ताब्यात असलेल्या मालकाविरुद्ध मात्र त्याच्या संमतीशिवाय दुरुस्ती सहसा होत नाही. त्याच्याच कपटामुळे किंवा निष्काळजीपणामुळे चूक घडली असेल, किंवा दुरुस्ती न करणं अन्याय्य ठरत असेल, तरच होते. ताब्याला इतकं महत्त्व देणारी ही मधली वाट आहे.

फिलिपिन्समध्ये काळ निर्णायक आहे. मूळ नोंदणीचा हुकूम निघाल्यापासून एक वर्ष तो कपटाच्या कारणावरून उघडता येतो, त्यानंतर तो न उलथणारा होतो. केनियात 2012 च्या कायद्याच्या कलम 26 नुसार प्रमाणपत्र कपटाबरोबरच बेकायदा, प्रक्रिया डावलून किंवा भ्रष्ट मार्गाने मिळवलेलं असेल तरी आव्हानाला खुलं आहे. 2023 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने डिना मॅनेजमेंट प्रकरणात सांगितलं की सार्वजनिक जमिनीचं मूळ वाटपच नियमबाह्य असेल, तर नंतरच्या खरेदीदाराला प्रामाणिकपणाचं कवच मिळत नाही. म्हणजे तिथे साखळीच्या मुळाशी जाऊन पाहावंच लागतं, प्रमाणपत्र कितीही नवं असो.

इथवरचं एका श्वासात: हक्क न उलथणारा आहे म्हटलं की तीन प्रश्न विचारायचे. कुणाविरुद्ध? कोणत्या कारणासाठी? आणि कोणत्या क्षणापासून? तिन्हींची उत्तरं त्या कायद्याच्या अपवादांत मिळतात. म्हणून मी मुख्य कलम एकदा वाचतो आणि अपवादांचं कलम तीनदा.

अपवादांपैकी कपट सर्वांत मोठा, आणि त्याबद्दलच जास्त गैरसमज. इथे कपट म्हणजे नोंद झालेल्या माणसाचा स्वतःचा किंवा त्याच्या एजंटचा प्रत्यक्ष अप्रामाणिकपणा. प्रिव्ही कौन्सिलने 1905 सालीच असेट्स कंपनी विरुद्ध मेरे रोइही मध्ये हे स्पष्ट केलं. मागे कुणीतरी कपट केलं, एवढ्याने आजच्या मालकाचा हक्क जात नाही. जास्त चौकशी केली असती तर कळलं असतं, एवढंही पुरत नाही. पण संशय आल्यावर सत्य कळू नये म्हणून मुद्दाम डोळे मिटले, तर ते कपटात मोडतं. सावकारांच्या बाबतीत साक्षांकन हा नेहमीचा घसरडा भाग आहे: कर्मचाऱ्याने सही आपल्यासमोर झाली असं लिहून द्यायचं आणि प्रत्यक्षात माणूस समोर आलेलाच नसायचा. अशा खोट्या साक्षांकनाला काही निकालांत कपट मानलं गेलं, कारण त्या कागदावर नोंदणी कार्यालय विश्वास ठेवणार हे त्याला माहीत होतं.

दुसरा अपवाद व्यक्तिगत बंधनांचा. नोंद तुम्हाला पूर्वीच्या लोकांच्या दाव्यांपासून वाचवते, तुमच्या स्वतःच्या शब्दापासून नाही. तुम्ही करार केला, विश्वस्त म्हणून जमीन घेतली, किंवा ‘अमक्याचा परत खरेदीचा हक्क मी मानीन’ असं कबूल करून घेतली, तर पानावर त्याचा उल्लेख नसला तरी न्यायालय तुम्हाला ते पाळायला लावतं. ऑस्ट्रेलियातला 1988 चा बाहर विरुद्ध निकोले हा निकाल याचाच. खरेदीखतात विकणाऱ्याच्या जुन्या वचनांची कबुली देणारं एखादं निरुपद्रवी दिसणारं कलम असेल, तर तिथे पेन थांबवा. बहुतेकजण ते औपचारिकता समजून सही करतात.

बाकीचे अपवाद देशागणिक लांब-आखूड होतात. पानावर नसलेले पण टिकणारे अल्पमुदतीचे भाडेपट्टे, नोंदीतून वगळले गेलेले वाटेचे हक्क, थकलेले स्थानिक कर, सार्वजनिक रस्ते, चुकून दुसऱ्याची जमीन आपल्या पानात आलेली असणं, एकाच जमिनीची दोन पानं उघडली जाणं. प्रतिकूल कब्जा, म्हणजे बरीच वर्षं ताबा ठेवून मालकी मिळवणं, बऱ्याच टॉरेन्स कायद्यांत चालत नाही, फिलिपिन्समध्ये नोंदलेल्या जमिनीवर तो अजिबात लागत नाही, पण ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात 15 वर्षांच्या कब्जाने नोंदलेला मालकही जमीन गमावू शकतो. म्हणजे एकाच देशाच्या दोन राज्यांतही उत्तर बदलतं. जमीन फुकट मिळाली असेल, तर तेही विचारावं लागतं: व्हिक्टोरियात भेट घेणाऱ्याला देणाऱ्याच्या हक्कातले दोष चिकटतात, न्यू साउथ वेल्समध्ये चिकटत नाहीत असं न्यायालयांनी ठरवलं आहे. सरकारचं भूसंपादन आणि नंतरचा कायदा यांच्यापुढे तर कुठलीच खाजगी मालकी न उलथणारी नसते. त्या वेळी मालकाच्या हाती उरतो तो फक्त मोबदल्याचा हक्क. आणि सीमारेषा: नोंद तुकड्याची हमी देते, प्रत्येक फुटाची नाही. पानावरचं क्षेत्रफळ आणि कुंपण जुळलं नाही, तर मोजणीच निकाल लावते.

गहाण हा वेगळा आणि गुंतागुंतीचा विषय आहे. समजा बनावट सहीचं गहाण तात्काळ प्रकाराच्या देशात नोंदलं गेलं. गहाण पक्कं झालं, हे खरं. पण ते कशाची हमी देतं? गहाणखतातच ‘रुपये इतके कर्ज या मालमत्तेवर’ असं लिहिलं असेल, तर तेवढी रक्कम सुरक्षित झाली. गहाणखतात मात्र ‘कर्जकरारानुसार मालकाकडून येणं असलेली सर्व रक्कम’ असं लिहिलं असेल आणि तो वेगळा कर्जकरारही बनावट असेल, तर मालकाकडून येणं शून्य. मग पक्कं गहाण शून्य रुपयांची हमी देतं. न्यू साउथ वेल्सच्या न्यायालयांनी असे निकाल 2007 नंतर वारंवार दिले आहेत, आणि सावकारांनी आपले नमुने त्यानुसार बदलले. घरमालकाच्या बाजूने असाल तर गहाणखतातलं रकमेचं कलम हीच पहिली वाचायची जागा.

भरपाई निधीबद्दलही स्पष्ट राहायला हवं. टॉरेन्स पद्धतीचा नैतिक आधारच हा की ज्याची जमीन नोंदीने गेली, त्याला राज्याने पैसे द्यावेत. पण तो आपोआप मिळत नाही. काही ठिकाणी आधी फसवणाऱ्याविरुद्ध वसुलीचे प्रयत्न दाखवावे लागतात. मालकाच्या निष्काळजीपणामुळे रक्कम कमी होऊ शकते आणि मुदत संपली तर दावाच संपतो. ब्रेस्कवर प्रकरणात मालकांनी कर्जासाठी तारण म्हणून खरेदीदाराचं नाव कोरं सोडलेला, सही केलेला हस्तांतराचा कागद सावकाराच्या हाती दिला होता. सावकाराने त्यात आपल्या नातवाचं नाव भरलं, नातवाने जमीन पुढे विकायला काढली. नातवाची नोंद कपटामुळे उलथण्याजोगी होतीच, पण कोरा कागद दिल्याने फसवणुकीचं हत्यार मालकांनीच पुरवलं, म्हणून त्यांच्या दाव्यापेक्षा नव्या खरेदीदाराचा दावा वरचढ ठरला. आणि तो खरेदीदार तर तोवर नोंदला गेलेलाही नव्हता! कोऱ्या कागदावर सही करू नका, हा सल्ला आपण इतक्यांदा ऐकतो की त्याचं वजन जाणवत नाही. इथे त्याच्यापायी जमीन गेली.

भारतातल्या जमिनीचा मसुदा असेल तर वरचं जवळजवळ काहीच लागू होत नाही. नोंदणी अधिनियम 1908 खाली दस्ताची नोंद होते, मालकीची हमी नाही. दुय्यम निबंधकाने विकणाऱ्याची मालकी तपासायची नसते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये तमिळनाडूच्या एका नियमाच्या संदर्भात पुन्हा सांगितलं. महसुली नोंदी गृहीतक उभं करतात आणि ते पुराव्याने खोडता येतं. आंध्र प्रदेशने हमीच्या नोंदणीसाठी 2022 मध्ये कायदा केला होता, तो 2024 मध्ये रद्द झाला. त्यामुळे इथल्या खरेदीखतात ‘इन्डिफीजिबल’ लिहिलेलं असलं, तरी जुने दस्त, वारस, दावे आणि ताबा यांचा शोध घेण्याला पर्याय नाही.

जामिनाच्या निकालांतला वापर मात्र भारताचाच, आणि शब्दाची मर्यादा दाखवणारा. ठरलेल्या 60 किंवा 90 दिवसांत आरोपपत्र आलं नाही तर आरोपीला जामिनाचा ‘इन्डिफीजिबल राइट’ मिळतो, असं न्यायालयं म्हणतात. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 167(2), आताच्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 187(3). पण 1994 मध्ये घटनापीठाने संजय दत्त प्रकरणात सांगितलं की हा हक्क वापरला नाही आणि तेवढ्यात आरोपपत्र आलं, तर तो संपतो. पुढे 2020 च्या रवींद्रन निकालात स्पष्ट झालं की अर्ज केला आणि जामीन द्यायची तयारी दाखवली, की मागाहून आलेलं आरोपपत्र त्याला हरवू शकत नाही. थोडक्यात, मागितल्यापासून न उलथणारा. जमिनीत जो क्षण नोंदीचा, तो इथे अर्जाचा.

समुद्राखालच्या केबलच्या करारातला ‘इन्डिफीजिबल राइट ऑफ यूज’ ही मालकी नव्हेच. केबलमधल्या ठराविक क्षमतेचा किंवा तंतूंचा 15-20 वर्षांचा वापरहक्क, बहुतेक पैसे आधी, देखभालीचा खर्च दरवर्षी. ‘इन्डिफीजिबल’ एवढ्याचसाठी की देणाऱ्याने मनात आलं म्हणून तो काढून घेऊ नये. देखभालीची रक्कम थकवली तर तो जातो, केबल कायमची निकामी झाली तर वापरायला काही उरत नाही, आणि देणारी कंपनी दिवाळखोरीत गेली तर हा हक्क मालमत्तेतला हिस्सा की नुसता करार, यावरच भांडण होतं. असा करार वाचताना मुदत, बिघाड झाल्यास परतफेड आणि दिवाळखोरी ही तीन कलमं आधी काढा.

आता तुमच्या मसुद्यापुरतं. जमीन टॉरेन्स पद्धतीच्या देशात असेल, तर विकणाऱ्याने दिलेली प्रत बाजूला ठेवा आणि नोंदणी कार्यालयातून ताजा उतारा स्वतः काढा, तोही सही करण्याच्या दिवशी पुन्हा एकदा. पानावरचा प्रत्येक बोजा आणि कॅव्हिएट (कुणाचा दावा असल्याची इशारावजा नोंद) मूळ कागद मागवून वाचा, नुसता क्रमांक पाहून भागत नाही. जागेवर जाऊन कोण राहतं ते बघा, कारण भाडेकरू आणि कब्जेदार पानावर दिसत नाहीत. विकणारा खरंच तोच माणूस आहे याची खात्री तुमच्या वकिलाने करावी. लांबणीवरच्या प्रकारात कची जागा तुमची असते आणि बनावट विकणाऱ्याचा धोका पूर्णपणे तुमच्यावर. जमीन अलीकडेच हातोहात विकली गेली असेल, मालक परदेशी किंवा वृद्ध असेल, किंवा व्यवहार कुलमुखत्यारपत्रावर चालला असेल, तर दुप्पट सावध राहा.

मसुद्यातला ‘इन्डिफीजिबल’ शब्द खोडायची गरज नाही, तो तुमच्या बाजूचाच आहे. पण त्याच्यापुढे ठोस वचन जोडून घ्या: अमुक तारखेपर्यंत तुमचं नाव नोंदलं गेलं नाही, किंवा पानावर आज नसलेला बोजा चढला, तर पूर्ण रक्कम व्याजासह परत, आणि तोवर पैशाचा मोठा भाग तिसऱ्याच्या ताब्यात. पैसे दिल्यापासून नाव चढेपर्यंतचा काळ हा तुमच्या व्यवहारातला सर्वांत उघडा काळ आहे. त्या काळात तुमच्याकडे न उलथणारं काहीच नसतं. तिथला कायदा खरेदीदाराला कॅव्हिएट किंवा अग्रक्रमाची सूचना नोंदवू देत असेल, तर करारावर सही होताच ती नोंदवा. पैसे हस्तांतरित होण्याआधी, नंतर नाही.